विहीणबाई गळ टाकतात

रुग्णालयाची रुग्णवाहिका माझा नवरा चालवतो, त्यामुळे ती चढावर बंद पडली की त्याची चिडचिड घरी येऊन मला ऐकावी लागते. एकदा तर रोग्याच्या मेहुण्यानेच खाली उतरून ती ढकलली होती. नवी गाडी घेण्याइतके पैसे रुग्णालयाकडे नव्हते. तेव्हा नदीवर गळ टाकून बसणाऱ्यांच्या मंडळाने ठरवलं, की एक स्पर्धा भरवायची. दोघादोघांच्या जोड्यांनी नावं द्यायची, दुकानदारांनी बक्षिसं द्यायची आणि जमेल ती रक्कम गाडीसाठी. पकडलेले मासे तोलायचे आणि परत नदीत सोडायचे.

ड्रायव्हरची बायको म्हणून मला पंच केलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काठी कुठल्या बाजूने धरतात एवढंच मला गळाबद्दल ठाऊक होतं. पण मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, की पंचाला मासे कळायची गरज नाही, वजनकाटा वाचता आला म्हणजे झालं.

माझे बाबा मात्र पट्टीचे. बसमध्ये कंडक्टर होते, त्या काळातसुद्धा सुट्टीचा दिवस नदीवरच जायचा. आई त्यांच्यामागे सतरंजी टाकून स्वेटर विणत बसायची. आई गेल्यावर बाबांनी काठ्या माळ्यावर टाकल्या त्या टाकल्याच. या स्पर्धेसाठी म्हणून तीन वर्षांनी त्या खाली आल्या. जोडीदार होते त्यांचे जुने मित्र, दातांचे डॉक्टर. आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी गाडीतून सामानाची पेटी उचलताना नेमकी डॉक्टरांच्या पाठीत उसण भरली. ते वाकले ते वाकलेलेच राहिले. दोघांनी धरून त्यांना माझ्या नवऱ्याच्या रुग्णवाहिकेत चढवलं. गाडीसाठी पैसे जमवायला आलेला माणूस सगळ्यांच्या आधी त्याच गाडीतून गेला, यावर लोक दिवसभर हसत होते.

नियम साफ होता. जोडी नाही तर स्पर्धा नाही. बाबा काठ्या गुंडाळायला लागले. मला फार वाईट वाटलं, पण पंच असल्यामुळे काही बोलता येईना.

तेवढ्यात चहाच्या टेबलामागून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मी बसते."

सासूबाई तिथे कप विसळायला आल्या होत्या. कपडे दुरुस्त करून देण्याचं त्यांचं छोटंसं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. चेन बदलणं, कंबर सैल करणं, बाह्या आखूड करणं. काम चोख आणि बोलणं कमी. कोणी घासाघीस केली, तर त्या कपड्याची घडी घालून त्याच्या हातात परत देतात, एवढंच. बाबांशी तर त्या गेली नऊ वर्षं मोजकंच बोलत होत्या आणि त्याला कारण होतं. माझ्या लग्नासाठी बाबांचा कोट त्यांनी शिवला होता. तो बाबांना घट्ट झाला. बाबांना जीभ आवरता येत नाही. भर मांडवात त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "विहीणबाईंनी कोट शिवला, पण श्वास घ्यायची जागा कापून घेतली." मंडळी खो खो हसली. सासूबाई हसल्या नाहीत. तेव्हापासून "बरं आहे ना" आणि "या परत" यापलीकडे दोघांची गाडी गेली नव्हती.

बाबा थोडे गडबडले. म्हणाले, "विहीणबाई, गांडुळं हातात धरावी लागतात हं."

"माहीत आहे. गळाला बिस्किटं लावत नाहीत," असं म्हणून सासूबाईंनी हात पुसले आणि अॅप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मग चिठ्ठ्या निघाल्या. काठावर ओळीने नंबरांच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि ज्याला जो नंबर येईल तिथे त्याने बसायचं. आमच्या जोडीला शेवटची खुंटी आली, अगदी पुलाखालची. लोकांनी हळहळ व्यक्त केली. तिथे पाणी उथळ, शेवाळ फार आणि डोक्यावरून गाड्यांचा अखंड खडखडाट. बाबांनी कपाळावर हात मारला. सासूबाई मात्र ती चिठ्ठी वाचून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग कोणाला वाट न विचारता भराभर चालायला लागल्या, इतक्या की मागून सामान घेऊन येणाऱ्या बाबांना धाप लागली.

पुलाकडच्या चार जोड्या माझ्या वाट्याला होत्या. मी काटा मांडून स्टुलावर बसले, बाबांच्या मागे, हाकेच्या अंतरावर.

शिट्टी झाली आणि बाबांनी शिकवणी सुरू केली. काठी अशी धरायची, रीळ असं सोडायचं, बूच बुडालं तर घाई करायची नाही. सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी डब्यातलं गांडूळ न बिचकता उचलून गळाला लावलं, पण काठी फिरवली तेव्हा दोरा सुटला तो थेट शेवाळात जाऊन गुंतला. दुसऱ्यांदा बाबांच्या टोपीत. बाबांची टोपी नदीच्या दिशेने गेलेली पाहून शेजारच्या जोडीने माना वळवल्या. सासूबाईंनी ती टोपी गळावरून सोडवून बाबांच्या हातात दिली आणि विचारलं, की हे चाक नसलेली साधी काठी आहे का.

होती. बाबांच्या सामानात एक जुनी बांबूची काठी होती. नुसता दोरा आणि बूच, बाकी काही नाही. ती हातात घेऊन सासूबाईंनी तिचं टोक जरा वाकवून पाहिलं. गळ डाव्या हातात धरला, काठी खालून वर हलकेच झुलवली आणि सोडली. बूच पाण्यावर जाऊन बसलं ते आवाजसुद्धा न करता.

बाबा काहीतरी सांगत होते ते वाक्य तिथेच राहिलं.

"विहीणबाई, हे कुठे शिकलात?"

"इथेच," सासूबाई म्हणाल्या.

मग पाण्याकडे बघत बघत, थांबून थांबून त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्या घरात नऊ वर्षं राहूनही कधी ऐकलं नव्हतं. पूल व्हायच्या आधी या ठिकाणी नाव चालायची. सपाट तळाची मोठी नाव, दोन काठांना बांधलेल्या जाड दोराला धरून ओढायची. माणसं, सायकली, कधी एखादी गाय. ती नाव सासूबाईंचे वडील चालवायचे. धक्क्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, त्यात या वाढल्या. पलीकडून कोणी घंटा वाजवली की वडील जेवत्या ताटावरून उठायचे. आईची त्यावर रोज कटकट असायची, की या नदीने मला एक जेवण गरम वाढू दिलं नाही.

मी स्टूल थोडं पुढे सरकवलं. पंचाने असं करावं का, मला माहीत नाही.

बाबांनी विचारलं, मग इथली नदी ठाऊक असेलच तुम्हाला. असेल म्हणजे काय, सासूबाई म्हणाल्या. दुसऱ्या खांबाच्या अलीकडे डोह आहे. तिथे दोन पुरुष पाणी, मोठे मासे ऊन चढलं की तिथे सावलीला येतात. बाबांचा चेहरा उजळला. दोघांनी गळ तिकडे टाकले आणि वाट बघत बसले. बराच वेळ गेला. पलीकडच्या जोडीचे मासे मी दोनदा तोलून आले. इकडे काही नाही. शेवटी बाबांनी दोऱ्याला शिशाचा तुकडा बांधून पाणी मापलं. गुडघ्याएवढं भरलं. खांबांमुळे प्रवाह वळला होता आणि इतक्या वर्षांत डोह गाळाने भरून गेला होता.

सासूबाई त्या ओल्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. "नदीसुद्धा सासरी गेल्यासारखी बदलली," त्या म्हणाल्या. "ओळख देत नाही."

बाबांनी समजूत काढली नाही, हे मला आवडलं. त्यांनी नुसते गळ आवरले आणि खाली, काठाच्या झुडपांकडे टाकून बघू म्हणाले. तिथे बाबांना बोटभर लांबीचा एक मासा लागला. मी तो तोलला तेव्हा काटा माशाने हलला की वाऱ्याने, याचीच शंका आली.

दुपारच्या जेवणाला मी डबे नेले. जेवता जेवता बाबांनी विचारलं, पूल झाल्यावर वडिलांनी काय केलं. हा प्रश्न मी विचारला असता की नाही कोण जाणे. मला तो सुचलाच नव्हता.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. पूल सुरू झाला त्या दिवशी, त्या म्हणाल्या, वडील सकाळी नेहमीसारखे धक्क्यावर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशीही ते गेले. नाव कोणीतरी लाकडासाठी नेली, तरी ते जातच राहिले. सरकारने दुसरं काम देऊ म्हटलं होतं, ते यायला दोन वर्षं लागली. घरात आईचं तोंड कायम उतरलेलं, मोठा भाऊ सामान उचलायच्या कामाला लागलेला. वडिलांच्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून ते गळ टाकून बसायचे. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही म्हणून या त्यांच्याशेजारी जाऊन बसायच्या.

"आमच्या घरात त्या दिवसांना वाईट दिवस म्हणायचे," सासूबाई म्हणाल्या. "भाऊ अजून तेच म्हणतो. मी कधी बोलले नाही, पण व्याही, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस तेच. त्याआधी वडील मला दिसायचे ते पाठमोरे, दोर ओढताना. त्या दोन वर्षांत ते माझ्याशेजारी बसले होते."

डोक्यावरून एक बस गेली. पुलाचे सांधे एकामागून एक वाजले. बाबांनी वर बघितलं आणि जरा अपराध्यासारखे म्हणाले, की आपली पहिली नोकरी याच पुलावरच्या बसवर होती.

"म्हणजे तुमची बस आली आणि आमची नाव गेली," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. शिलाईचा दोरा तोडावा तसं त्या म्हणाल्या.

"दिवसातून कितीदा तरी जायचो इथून. तुम्ही दोघं तेव्हा खाली बसलेले असणार. मी कधीचा आठवायचा प्रयत्न करतोय. दिसलात म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण खोटं कशाला बोलू. पूल आला की तिकिटं तपासायची वेळ व्हायची. मी खाली कधी बघितलंच नाही."

सासूबाईंनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्हीही वर बघायचो नाही. वडील म्हणायचे, ती आपली वाट नाही."

मग बाबांनी आपल्या डब्यातला केकचा मोठा तुकडा त्यांच्या पुढ्यात सरकवला. त्यांनी तो घेतला आणि अर्धा खाऊन झाल्यावर शांतपणे सांगितलं, की तो कोट घट्ट नव्हता. माप दिल्यापासून लग्नापर्यंत चार महिने होते आणि चार महिने तुम्ही हेच खात होतात. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या पोटाकडे. मग हात जोडले आणि म्हणाले, की हे तेव्हाच भर मांडवात सांगायला हवं होतं, मंडळी जास्त हसली असती. सासूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढ्यावर नऊ वर्षांचं प्रकरण मिटलं. मला दोघांचाही राग आला, कारण इतकी वर्षं दोन्हीकडचे निरोप पोचवण्यात माझाच जीव गेला होता.

जेवणानंतर ऊन कलायला लागलं. स्पर्धा संपत आली होती, आणि झुडपांजवळचं सासूबाईंचं बूच एकदम नाहीसं झालं. ते आधी हललं नाही की डुचमळलं नाही. होतं ते नव्हतं झालं.

सासूबाई उभ्या राहिल्या. बांबूची काठी कमानीसारखी वाकली. बाबा ओरडले, "ओढू नका, ओढू नका," आणि लगेच, "ओढा." जोडीदाराने दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही, फक्त जाळी धरायची, असा नियम होता. बाबांनी माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेने बघितलं, की मी पंच नसते तर म्हटलं असतं, जाऊ दे, लावा हात. सासूबाई काठाने दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होत्या. चप्पल त्यांनी केव्हाच काढून टाकली होती. त्यांचे दंड थरथरत होते, पण चेहरा शिवणयंत्रावर बसल्यासारखा स्थिर होता. मासा एकदा वर आला. त्याची पाठ हातभर तरी रुंद वाटली, असं मी नंतर सांगितलं. नवरा म्हणतो, चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने असं बोलू नये.

आजूबाजूच्या जोड्या आपले गळ सोडून गोळा झाल्या. मासा दमला, काठाकडे यायला लागला. बाबा जाळी घेऊन पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात ते खाली वाकले, जाळी माशाच्या पोटाखाली सरकवली, आणि पायाखालचं शेवाळ सरकलं. बाबा बसले. अगदी सोफ्यावर बसावं तसे, छातीपर्यंत पाण्यात. जाळी वर, टोपी पाण्यावर. मासा त्यांच्या मांडीवरून गेला असं ते शपथेवर सांगतात. दोरा ताणला गेला, तुटला आणि काठी सरळ झाली.



मग सासूबाई हसायला लागल्या. मी त्यांना कधी असं हसताना बघितलं नव्हतं. आवाजच फुटेना, नुसते खांदे हलत होते. मग त्या काठावर खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसत मोठ्यांदा हसल्या. बाबा पाण्यातूनच म्हणाले, की विहीणबाई, माफ करा. त्या म्हणाल्या, "असू द्या हो. वडिलांनी सगळ्यात मोठा मासा घालवला तो असाच. तेसुद्धा असेच बसले होते." आणि हसता हसता त्या रडायला कधी लागल्या, ते काठावर उभ्या असलेल्यांना कळलं नाही. मला कळलं. मी वजनकाटा सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला. हातांना चिखलाचा आणि गांडुळांचा वास येत होता.

आमची जोडी खालून दुसरी आली. खालून पहिले जे होते, त्यांना एकही मासा मिळाला नव्हता. पहिलं बक्षीस एका केशकर्तनकाराला आणि त्याच्या बायकोला मिळालं. ती त्याला दिवसभर रागावत होती, आणि अध्यक्ष म्हणाले की मासे घाबरूनच काठाला आले असतील. गाडीसाठी पुरेशी रक्कम जमली. नवी गाडी पुढे दोन महिन्यांनी आली. चढ चढते.

संध्याकाळी नवरा आम्हाला घ्यायला आला तेव्हा बाबा कोणाच्या तरी पांढऱ्या कोटात बसले होते, रुग्णालयाच्या. त्याने आपल्या आईला विचारलं, कशी झाली स्पर्धा. सासूबाई अजून पुलाखालीच उभ्या होत्या. त्यांनी हात लांब करून वरचा काठ दाखवला.

"तुझे आजोबा इथे नाव चालवायचे," त्या म्हणाल्या. "आमचं घर तिथे होतं."

नवऱ्याला काही उमजेना. त्याला लहानपणापासून सांगितलं होतं, की आईचे वडील जलवाहतूक खात्यात होते. हे त्याच्या आजीने, म्हणजे सासूबाईंच्या सासूबाईंनी ठरवलेलं वाक्य. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांना काय सांगायचं, म्हणून त्यांनी ते तयार केलं होतं. तसं बघितलं तर खोटंही नव्हतं. नवऱ्याने त्या वाक्यावरून मनात एक कचेरी उभी केली होती, तीत टेबल, फायली आणि टोपी घातलेले आजोबा.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"आधी सांगायची लाज वाटायची," सासूबाई म्हणाल्या. "मग लाज वाटली होती याचीच लाज वाटायला लागली. पुढे तुम्ही कोणी विचारलं नाही, आणि मलाही दुकान होतं."

 परतताना नवऱ्याने गाडी इतकी सावकाश चालवली, की मागून भोंगे वाजले.

त्यानंतर सासूबाई सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवायला लागल्या. दारावर पाटी नाही, काही नाही, नुसतं कुलूप. बाबा दोन काठ्या घेऊन येतात आणि दोघं नदीवर जातात. भांडतातही, बहुतेक गांडुळांवरून. दातांचे डॉक्टर पाठ बरी झाल्यावर एकदा गेले आणि येऊन म्हणाले, की तिथे आता तिसऱ्याला जागा नाही.

एका रविवारी नवरा आपणहून त्यांच्यासोबत गेला. मीही गेले. तो नदीकडे बसला नाही. आईला म्हणाला, घर नक्की कुठे होतं ते दाखव. धक्क्याच्या वरच्या अंगाला आता गाड्या लावायची जागा आहे. डांबर टाकलेलं, पांढऱ्या रेघा मारलेल्या. सासूबाईंनी काठी बाबांकडे दिली आणि त्या चढून वर आल्या. एका लाल गाडीपाशी थांबल्या. इथे दार, म्हणाल्या. इथून आत आलं की वडिलांची खाट. आणि आईचं स्वयंपाकघर तिथे, मागच्या अंगाला.

नवरा दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून आत शिरला. त्याने दोन्ही हात पसरून अंदाज घेतला.

"इथे?"

"अजून थोडं आत," सासूबाई म्हणाल्या. "तिथे खिडकी होती. तिथून नदी दिसायची."

तो आणखी आत सरकला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. लाल गाडीचा मालक किल्ली घेऊन आला होता. आम्हा तिघांकडे बघून तो थांबला, आणि आमचं होईपर्यंत थांबूनच राहिला.